चिकलठाण्याची सोळा पंचांची मशीन

मी एक जुनी मशीन आहे, औषधाच्या गोळ्या पाडणारी. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. पण मोडीत निघालेली म्हणाल तर मित्रांनो, आपलं जमणार नाही. ज्यांनी ज्यांनी मला नावं ठेवली, त्यांच्या डोकेदुखीवरही शेवटी माझीच गोळी चालली आहे.

आधी माझं अंग कसं आहे ते सांगते. माझ्या पोटात एक जाड पोलादी चकती आहे आणि तिला सोळा भोकं आहेत. प्रत्येक भोकात वरून एक दांडा उतरतो, खालून एक चढतो. या दांड्यांना पंच म्हणतात. दोघांच्या मध्ये औषधाचे दाणे सापडले की ते दाबले जातात आणि गोळी तयार होते. चकती फिरत राहते आणि गोळ्या पडत राहतात. तासाला पंचवीस हजार! आजच्या मशीनी याच्या दसपट पाडतात, हे मला माहीत आहे. मला ते कोणी पुन्हा पुन्हा सांगायची गरज नाही.

माझा जन्म अहमदाबादच्या एका कारखान्यातला. एकोणीसशे शहाऐंशी साली मला ट्रकवर बांधून कन्नडच्या घाटातून वर चढवलं आणि आमच्या शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणलं. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड होती. तिच्या दारावर हाताने रंगवलेली पाटी होती : अंजना लॅबोरेटरीज. अंजना ही कन्नड तालुक्यातल्या पिशोर गावची नदी, आणि शेडचा मालक रामकिसन हा पिशोरचाच. पुढे एक्केचाळीस देशांत औषध पाठवणारी बहुराष्ट्रीय कंपनी झाली ती हीच. त्या दिवशी मात्र तिच्याकडे एक शेड, चार माणसं आणि मी, एवढंच होतं.

रामकिसन औषधशास्त्र शिकलेला होता. शहरातल्या शहागंज बाजारात एका ठोक व्यापाऱ्याकडे त्याने सहा वर्षं नोकरी केली. गावी जाताना तो पिशवीभर औषधं घेऊन जायचा, कारण पिशोरात साधी तापाची गोळीही वेळेवर मिळत नसे. "मुंबईहून माल आला नाय" हे उत्तर ऐकून ऐकून त्याचं डोकं फिरलं. माल मुंबईहून येईल तेव्हा येईल, तोवर ताप थोडाच थांबतो! त्याने ठरवलं, गोळी इथेच पाडायची.

मला चालवायला त्याने सांडूभाऊला आणलं. सांडूभाऊ देवगाव रंगारीचा, विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा. औषधातलं त्याला काही कळत नव्हतं, पण कान असा की, नुसत्या आवाजावरून माझा कोणता पंच कोरडा पडला आहे ते तो सांगायचा. पहिल्या दिवशी माझ्यावर हात ठेवून तो रामकिसनला म्हणाला, "दादा, ही बोलती. आपुन फकत ऐकायचं."

पहिल्या गोळ्या डब्यात भरून रामकिसन शहागंजात गेला. जुना मालक हसला. "अरे मियाँ, लोगां बंबई का नाम देख के गोली लेते. पिशोरवाले की गोली कौन खाईंगा?"

"नाव बघू नका शेठ, गोळी बघा," रामकिसन म्हणाला. "डबा ठेवून जातो. खपली नाय तं मी सोता येऊन उचलतो."

डबा उचलायला त्याला जावं लागलं नाही. कन्नड, सिल्लोड, वैजापूरच्या डॉक्टरांनी तो आठवडाभरात संपवला.

दुसऱ्या वर्षी रत्नमाला आली. शहरातल्या भीमनगरात राहणारी, दहावी झालेली, वीस वर्षांची मुलगी. तिचं काम तपासणीच्या टेबलावर होतं. माझ्यातून पडलेल्या गोळ्या दिव्याखालून सरकत जायच्या आणि टेबलाभोवती बसलेल्या बायका फुटकी, डागाळलेली गोळी वेचून बाजूला काढायच्या. रत्नमाला इतकी वेचायची की, सांडूभाऊला राग आला.

"ताई, एवढुशा टवक्यानं काय व्हतंय? लोक गोळी गिळत्यात, आरशात नाय बघत तिला!"

रत्नमालाने ती टवका उडालेली गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. "सांडूभाऊ, तुमच्या आकाशला ताप आला तं द्याल का हीच?"

आकाश म्हणजे त्याचा तान्हा मुलगा. सांडूभाऊने मला थांबवलं, वरचा सातवा पंच काढला आणि उजेडात धरला. त्याची कड तुटलेली होती. त्या दिवसापासून रत्नमालाने हात वर केला की सांडूभाऊ मला थांबवायचा. कारण विचारायचा तो नंतर.

मित्रांनो, कंपनी वाढली ती अशी. कोणी जादूची कांडी फिरवली नाही. सरकारी दवाखान्यांना क्षयरोगाची गोळी पुरवायचं काम मिळालं, तेव्हा मी दोन पाळ्यांत फिरले. पंच्याण्णव साली आमच्या खोक्यांवर पहिल्यांदा 'दार-ए-सलाम' असं छापलं गेलं. ते गाव कुठे आहे हे सांडूभाऊला ठाऊक नव्हतं. रामकिसनने शेडच्या भिंतीवर नकाशा लावून आफ्रिकेच्या काठावर बोट ठेवलं, तेव्हा बायका टेबल सोडून बघायला उठल्या. मग केनियात एक लहान कारखाना विकत घेतला, ब्राझीलमध्ये ऑफिस उघडलं, जर्मनीत माणसं नेमली. रत्नमालाही वाढली. वजन, टणकपणा, ओलावा मोजायला शिकली. रात्रीच्या शाळेसारखा एक अभ्यासक्रम तिने पूर्ण केला आणि मग प्रत्येक बॅचच्या कागदावर तिची सही लागू लागली. एकाच वेळी तयार केलेल्या औषधाच्या साठ्याला बॅच म्हणतात. तिच्या सहीशिवाय बॅच पुढे जात नसे.

दोन हजार आठ साली शहराबाहेरच्या शेंद्रा वसाहतीत, शेंद्र्याला, मोठा काचेचा कारखाना उभा राहिला. रामकिसन थकला होता. कारभार त्याच्या मुलाकडे, सुदर्शनकडे आला. सुदर्शन परदेशात शिकून आलेला, हुशार, दिवसाचे चौदा तास राबणारा. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. पण त्याला माझ्याकडे बघायला आवडत नसे. पाहुणे आले की तो त्यांना शेंद्र्याला न्यायचा. चिकलठाण्याची जुनी शेड म्हणजे त्याला घरातली अडगळीची खोली वाटायची.

आणि मग तो मार्च महिना आला.

दार-ए-सलामसाठी क्षयरोगाच्या गोळ्यांची मोठी मागणी होती. शेंद्र्याच्या मशीनी युरोपच्या मालात गुंतलेल्या, म्हणून काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी माल बंदरावर पोहोचायला हवा होता. औषधाचे दाणे आधी ओले मळतात, मग गरम हवेच्या कपाटात ट्रेवर सुकवतात. सहा तास सुकवायचा नियम. सुदर्शनने चार तासांत कपाट उघडायला सांगितलं.

बुधवारी सकाळी ते दाणे माझ्यात पडले आणि पहिल्या पाच मिनिटांतच मला कळलं. दाणे पंचांना चिकटत होते. गोळी सुटताना तिच्या तोंडावर बारीक खड्डे पडत होते, देवीचे व्रण असावेत तसे. सांडूभाऊच्या कानाला ते कळलं आणि रत्नमालाच्या डोळ्यांना दिसलं. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं, आणि सांडूभाऊने मला थांबवलं.

सुदर्शन धावत आला. त्याने मूठभर गोळ्या हातात घेतल्या.

"मशीन जुनी झाली आहे," तो म्हणाला. "पंच झिजलेत. पॉलिश करा आणि चालू करा. सांडूकाका, तुम्ही कागदावर लिहून द्या, मशीनचा दोष म्हणून. म्हणजे गोळीच्या दिसण्याचं कारण नोंदवलं जाईल आणि माल सुटेल."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर त्या क्षणी अख्खी शेड हादरली असती. तेवीस वर्षं मी कधी कोणाची फसवणूक केली नव्हती. दाणे चांगले द्या, गोळी चांगली घ्या, एवढाच माझा व्यवहार.

"साहेब, पंच मागल्याच महिन्यात बदललेत," सांडूभाऊ म्हणाला.

"मग पुन्हा बदलू. आता लिहा."

सांडूभाऊने पेन हातात घेतलं. मी त्याला दोष देत नाही. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि ज्याच्या तापावरून एकदा बोलणं झालं होतं तो आकाश शेंद्र्याला नुकताच कामाला लागला होता, अजून कायम व्हायचा होता. पेन कागदाला टेकलं.

"सांडूभाऊ," रत्नमाला म्हणाली, "तेवीस वर्ष जिचा आवाज ऐकला तिच्या नावावर खोटं लिहू राहिले व्हय?"

पेन तिथेच थांबलं.

रत्नमाला दाण्यांच्या पिंपाकडे गेली. तिने कोपरापर्यंत हातमोजा चढवला, हात थेट तळाशी घातला आणि मूठभर दाणे वर काढले. ओलावा मोजायच्या काट्यावर ठेवले. ओलावा दोन टक्क्यांच्या आत हवा. काटा साडेचारवर जाऊन थांबला.

"प्रयोगशाळेचा कागद आहे माझ्याकडे," सुदर्शन म्हणाला. "त्यात दीड टक्का आहे."

"त्यांनी वरच्या ट्रेतले दाणे नेले असतील साहेब. वरचे सुकलेत, खालचे ओले हायेत. ओल्या दाण्याची गोळी सहा महिन्यात दम सोडती. अर्ध्या दमाच्या औषधानं क्षयाचे जंतू मरत नाय, उलटे माजतात. माझ्या मायनं, गीताबाईनं, आठ महिने ही गोळी खाल्ली म्हणून ती आज घरात चालती-फिरती हाय. तिच्या गोळीत दम नसता तं?"

सुदर्शनने आवाज खाली आणला. आता तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. "ताई, ऐका. हे जहाज चुकलं तर त्या देशाचं दार आपल्याला बंद होईल. या शेडमधल्या ऐंशी माणसांचं काम जाईल. त्यांना मी काय सांगू?"

"खरं काय ते सांगा. मी बी त्या ऐंशीतलीच हाय."

शेडमध्ये कोणी हलेना. तपासणीच्या टेबलावरच्या बायका हात मांडीवर ठेवून बसून होत्या. एकही गोळी पुढे सरकत नव्हती.

मग सांडूभाऊने पेन खाली ठेवलं. "साहेब, दोष हिचा असंल तं मी लिहून देतो, सोताच्या हातानं. पर आधी एक ट्रे आनखी दोन तास सुकवा. हीच मशीन, हेच पंच. मी एक सुद्धा काढत नाय. समद्यांच्या म्होरं चालवतो."

सुदर्शन नाही म्हणाला नाही हे पाहून रत्नमालाने पिंपातले दाणे ट्रेवर पसरले आणि ट्रे कपाटात ठेवला.

ते दोन तास माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब दोन तास होते. सुदर्शन खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसला. सांडूभाऊ माझे पंच एकेक करून पुसत होता, जसं परीक्षेआधी घरातलं मोठं माणूस लेकराचे केस विंचरतं तसं. मला भीती वाटत होती का? नाही. मला राग येत होता. माझ्यावर खोटा आळ घालून कोणी ओली गोळी समुद्रापार धाडणार असेल, तर मला बंद करा, वितळवा, पण आधी माझी परीक्षा घ्या, असं मला ओरडून सांगायचं होतं.

दाणे आले. सांडूभाऊने बटण दाबलं. मी फिरले.

पहिली गोळी पडली, दुसरी, दहावी, शंभरावी. गुळगुळीत, लख्ख, कडेला टवका नाही, तोंडावर खड्डा नाही. रत्नमालाने वीस गोळ्या मोजून टणकपणा पाहिला आणि काटा सुदर्शनकडे वळवला. तो उठला, एक गोळी बोटांत धरून बराच वेळ फिरवत राहिला, मग खिशात टाकून निघून गेला.

बॅचच्या कागदावर रत्नमालाने एक ओळ लिहिली : 'दाणे ओले. मशीन ठीक. बॅच नाकारली.' खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी शेडच्या व्यवस्थापकाने तिला तो कागद नव्याने लिहायला सांगितलं. ती म्हणाली, "पानांवर नंबर हायेत. फाडायचं आसंल तं तुम्ही फाडा, मी बघत बसते." पान कोणी फाडलं नाही.

आता तुम्हाला वाटेल की, सगळे तिच्यावर खूश झाले. तसं झालं नाही. सगळा माल पुन्हा सुकवायला वेळच नव्हता. ती बॅच नष्ट केली गेली. जहाज चुकलं. मागणी दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि ऐंशीतल्या चौतीस माणसांना घरी बसावं लागलं. त्यांच्यातले काही जण रत्नमालाला रस्त्यात दिसले तर तोंड फिरवायचे. कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. तिला तपासणीवरून काढून खोक्यांच्या गोदामात टाकलं. सांडूभाऊ हार-नारळ घेऊन निवृत्त झाला आणि देवगावला निघून गेला. जाताना त्याने मला शेवटचं तेल दिलं. मग कंपनीने माझ्या अंगावर लाल पट्टी बांधली : 'वापर बंद'. दोष सापडला नव्हता, तरी शिक्षा मलाही झालीच.

चौदा महिने मी तशी उभी होते. रत्नमाला रोज माझ्यासमोरून गोदामात जायची. एकदाही मान खाली घालून गेली नाही.

मग परदेशातल्या एका आरोग्य संस्थेचे तपासनीस आले. त्यांच्या शिक्क्याशिवाय आफ्रिकेतली मोठी कामं मिळत नव्हती. त्यांनी शेंद्र्याचे चकचकीत कागद दोन दिवस चाळले आणि तिसऱ्या दिवशी जुन्या शेडचे कागद मागवले. एका पानावर ते थांबले. ही सही कोणाची, म्हणून त्यांनी विचारलं. रत्नमालाला गोदामातून बोलावून आणलं. कपड्यांवर पुठ्ठ्याची धूळ होती, ती तिने झटकलीसुद्धा नाही.

त्या दिवशीची हकीकत तिच्याकडून ऐकून त्यांच्यातल्या एका तपासनीस बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, "मालकांनी सांगूनसुद्धा तुम्ही माल सोडायला सही का दिली नाही?"

"पगार मालकाचा हाय," रत्नमाला म्हणाली. "सही माझी हाय."

दुभाष्याला ते इंग्रजीत सांगायला दोन वाक्यं लागली. बाईंनी ते लिहून घेतलं. बाजूला सुदर्शन उभा होता. त्याने मान वर केली नाही.

शिक्का मिळाला. त्या वर्षी कंपनीकडे इतकं काम आलं की, चौतीसच्या चौतीस माणसं परत आली आणि वर आणखी दोनशे लागली. माझी लाल पट्टी निघाली. रत्नमाला टेबलावर परतली. कोणी तिची माफी मागितली नाही आणि तिनेही कोणाला काही ऐकवलं नाही. फक्त दाणे सुकवायच्या कपाटाला एक कुलूप लागलं, जे सहा तास झाल्याशिवाय उघडत नसे. ते सुदर्शनने स्वतः बसवून घेतलं होतं.

पुढे वेगवान मशीनी आल्या आणि माझ्यावर प्लॅस्टिकचं आवरण पडलं. आवरणाखाली सात वर्षं गेली. सांडूभाऊ वारल्याची बातमी मी तिथेच ऐकली. दोन फिटर माझ्या आडोशाला जेवत बोलत होते. त्यांनी डबे झाकले आणि उठून गेले. मी मात्र त्या दिवशी गंजासारखी कडू झाले होते.

यंदा कंपनीला चाळीस वर्षं झाली. मला शेंद्र्याला नेलं, निळा रंग फासला आणि दर्शनी दालनात दिव्यांच्या झोतात उभं केलं. तेल पुसून टाकलं, कारण पाहुण्यांच्या कपड्यांना लागलं असतं. माझं हातचाक फिरू नये म्हणून त्यात एक खिळी ठोकली. बाजूला इतिहास लिहिलेला मोठा फलक लावला. त्यात देशांची नावं होती, इमारतींची चित्रं होती. सांडूभाऊचं नाव नव्हतं. रत्नमालाचंही नव्हतं.

गेल्याच वर्षी निवृत्त झालेल्या रत्नमालाला समारंभाला बोलावलं होतं. एकवीस देशांचे पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. सुदर्शनचे केस आता पांढरे झालेत. त्याने तिला पुढे बोलावलं. ती माइककडे न जाता सरळ माझ्याकडे आली आणि तिने खिळीला हात घातला.

"ताई, ती आता शोभेसाठी आहे," सुदर्शन हळूच म्हणाला. "फिरवू नका."

"शोभेला फुलदाणी ठेवा साहेब," रत्नमाला म्हणाली, आणि तिने खिळी उपसली.

चाक हललं नाही. रंगाने माझे सांधे धरून ठेवले होते. तिने साडीचा पदर खोचला, दोन्ही हात लावले आणि सगळं वजन टाकलं. रंगाचा पापुद्रा तडकला. मी फिरले. एकामागून एक सोळा पंच खाली गेले आणि वर आले. आधी कोणालाच काय करावं ते कळेना. मग सुदर्शन पुढे आला. मला वाटलं, हा चाक धरून थांबवणार. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि चाकाची दुसरी बाजू धरली.

"तेलाचा डबा आणा रे कोणीतरी," तो म्हणाला.

आज मी दर्शनी दालनात नाही. मी प्रशिक्षणाच्या खोलीत आहे, मोटर जोडलेली, तेलात माखलेली. नवे कामगार गोळी पाडायला आधी माझ्यावर शिकतात. रत्नमाला आठवड्यातून दोनदा येते आणि त्यांना माझा आवाज ऐकायला लावते. इतिहासाच्या फलकावर दोन नावं वाढली आहेत. ती तिने मागितली नव्हती, मीही नाही. पण लावली नसती, तर मी तुम्हाला सांगितलीच असती.

मित्रांनो, औषधाची गोळी हातात आली की लगेच गिळून मोकळे होऊ नका. तिच्याकडे नीट बघा. रंग उडालेला दिसला, खड्डा दिसला, तारीख उलटलेली दिसली, तर गप्प राहू नका. दुकानदार कितीही मोठा असो, कंपनी कितीही देशांत असो, विचारा. आणि जुनी वस्तू, जुनं माणूस दिसलं की आधी दोष त्यांच्यावर टाकायची सवय सोडा. माझं म्हणाल, तर मला तेल द्या, पंच पुसा, दाणे कोरडे द्या. पुढचं मी बघते.